माणसांचा आवाज कमी

मी पन्नाशीला आलेली बाई आहे. तेलंगणातल्या इचोड्याला हमरस्त्याच्या कडेला आमची पिठाची गिरणी आहे. आणि रोज संध्याकाळी गिरणी बंद झाली की मी मोबाइलवर बंदुकांचा खेळ खेळते. यातली पहिली दोन वाक्यं सगळ्या बाजाराला माहीत आहेत. तिसरं फक्त घरात माहीत आहे. नवरा ते बाहेर जाऊ देत नाही, कारण माझ्या खेळण्याची त्याला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटते.

"चालव बंदुका," तो म्हणतो. "पण उद्या गिरणीचा पट्टा घसरला तर त्याले गोळी नको मारू."

खेळण्याची लाज मला कधी वाटली नाही. ज्याची वाटली ते वेगळं आहे, आणि ते आवाजाच्या सेटिंगमधून निघालं.

मुलगी हैदराबादला नर्सिंगला गेली तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं चार वाक्यांवर आलं होतं. जेवली का. जेवली. अभ्यास? सुरू आहे. बरं, ठेवते. भांडण नव्हतं. मला फोनवर बोलता येत नाही आणि तिला वाटायचं मी कामात आहे. संक्रांतीला ती घरी आली तेव्हा दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून मैत्रिणींशी बोलत होती, हसत होती, मध्येच "पळ, पळ" म्हणून ओरडत होती.

"एवढं काय बोलून राह्यल्या तुमी?" मी विचारलं.

"बोलून नाही, खेळून राह्यलो."

चौघींची टीम लागते. हॉस्टेलच्या त्या तिघीच होत्या. चौथा गडी खेळच कुठून तरी जोडून द्यायचा. त्या दिवशी जोडलेला पोरगा शिवराळ निघाला. तिनं त्याला हाकललं आणि गंमत म्हणून माझ्या मोबाइलवर खेळ टाकून दिला.

खेळायला मी वाईट निघाले, पण उपयोगाची निघाले. धावता धावता नेम धरणं, भिंतीवरून उडी मारणं मला जमलं नाही, आजही जमत नाही. पण एखाद्या घरात शिरायचं, जिन्यावर बंदूक रोखायची आणि बसून राहायचं, हे जमलं. तरुण पोरींना बसवत नाही. मी आयुष्यभर दळण खाली पडायची वाट बघत बसलेली बाई आहे. "आई, तू दारावर बस. कोणी येऊन राह्यलं की सांग," असं माझं काम ठरून गेलं.

मुलगी परत गेली, खेळ चालूच राहिला. दिवेलागणीनंतर तासभर तिचा आवाज घरात असायचा. गोळ्या झाडता झाडता ती मेसच्या सांबारला नावं ठेवायची, वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरची नक्कल करायची. पहिल्यांदा इंजेक्शन देताना पेशंटच्या आधी तीच घामाघूम झाली होती, हे मला एका पडक्या गोदामात दडून बसले असताना कळलं. फोनवर ती मला हे कधीच सांगती ना.

बाकीच्या दोघींपैकी एक मंचेरियलची होती, वडील कोळशाच्या खाणीत. ती माझ्याशी हिंदीत बोलायची, आणि तिचा आवाज असा की मोबाइल चुलीजवळ ठेवला तरी अंगणात ऐकू यावा. दुसरी उटनूरकडच्या जंगलातल्या एका गोंड गावातली. तिला मराठी चांगली यायची, पण ती हळू बोलायची. इतकी हळू की माझ्या लेखी ती बोलतच नव्हती.

हॉस्टेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक पोरगी होती. मलाही टीममध्ये घ्या म्हणून ती सारखी मागे लागली होती. ती फार छान खेळते, हे मुलीनंच मला सांगितलं.

"मग घेऊन टाक ना तिले," मी मोठेपणानं म्हटलं.

"पाहू. तू दार सांभाळून राह्यली तोपर्यंत कशाले?"

तोपर्यंत. तो शब्द मी गिरणीत, चुलीपाशी, धुणं वाळत घालताना मनात घोळवत राहिले. दार सांभाळलं तर तो तास माझा. नाही सांभाळलं तर परत चार वाक्यं.

आणि दार डोळ्यांनी सांभाळता येत नाही. या खेळात शत्रू दिसायच्या आधी त्याची पावलं ऐकू येतात. जिन्यावर चढतोय की बाहेरच्या गवतातून येतोय, लाकडावरून चालतोय की पत्र्यावरून, डावीकडून की उजवीकडून, हे सगळं कानानं ओळखायचं असतं. नकाशावर पावलांची बारीक खूण उमटते, पण ती दिसेपर्यंत माणूस दारात आलेला असतो.

आता कानाचं सांगायला पाहिजे. माझा डावा कान गेलेला आहे. गिरणीत मी ज्या जागेवर उभी राहते तिथं दगड डाव्या हाताला येतो आणि काटा उजव्या हाताला. इतकी वर्षं तसंच. कान हळूहळू गेला, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण गिरणी चालू असताना सगळेच बहिरे असतात. गिऱ्हाईक खुणेनं बोलतं. अंगठा बोटावर चोळला की बारीक दळा, तळवा पसरला की जाड, हात मागे झटकला की उद्या नेते. अशा ठिकाणी बहिरं माणूस ओळखू येत नाही.

मी सांगितलंही नाही. गिरणीवाल्या बाईची पत तिच्या कानावर असते. दगडाला दगड घासला की आवाज बदलतो, तो वेळेत ऐकू आला नाही तर पिठात कचकच येते. उजव्या कानानं मला तो चांगला ऐकू येतो. पण एवढं समजावून सांगत कोण बसणार? एकदा "बहिरीची गिरणी" असं नाव पडलं की गिऱ्हाईक पुढच्या चौकात जातं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. खिडकीचा वारा सोसत नाही म्हणून त्याची खाट फक्त माझ्या उजव्या बाजूला घेतली.

पहिल्याच आठवड्यात मुलीनं मला सेटिंग लावून दिलं होतं. एकेक गोष्ट फोनवर सांगत, मी चष्मा लावून शोधत.

"म्युझिक शून्य कर. त्याचा काही उपयोग नाही."

"केलं."

"गोळ्या, पावलं, ते सगळं पूर्ण. मंग त्याच्या खाली आवाज चारी बाजूनं घुमवणारं एक बटन आहे, ते बंद. सिनेमासारखं वाटते, पण दिशा समजत नाही. साधं डावं-उजवं राहू दे. आणि इअरफोन लाव, दोन्ही कानात. फोनच्या स्पीकरवर खेळशीन तर मरशीन."

मी दोन्ही कानांत इअरफोन घातले. डाव्या कानातला नुसता बूच होता.

पावलं ऐकू आली की शत्रू उजवीकडे किंवा समोर. ऐकू आली नाहीत तर एक तर कोणी नाही, नाही तर डावीकडे. यावर मी युक्ती काढली. खेळातल्या माझ्या माणसाला मी सारखी गरगर फिरवायची. डावीकडचा आवाज फिरता फिरता उजवीकडे आला की सापडायचा. जमत होतं बऱ्यापैकी, पण दिसायला विचित्र दिसत असणार.

"आंटी," मंचेरियलची एकदा ओरडली, "आपका आदमी मुर्गी के जैसा कायकू घूमरा?"

"चारो तरफ ध्यान रखना पडता," मी म्हटलं.

"मुर्गी भी येइच बोलती!"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि फिरवणं थोडं कमी केलं.

मग मी आणखी एक गोष्ट केली, जिची पुढे लाज वाटली ती. सेटिंगमध्ये दोन वेगळ्या पट्ट्या होत्या, एक खेळाच्या आवाजाची आणि एक माणसांच्या आवाजाची. मी माणसांची पट्टी ओढून जवळजवळ तळाशी नेली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, विचारही करावा लागला नाही. गिरणीत माणसाचं ऐकायचं नसतं, यंत्राचं ऐकायचं असतं. गिऱ्हाईक काय बडबडतंय ते सोडून द्यायचं आणि दगडाकडे कान ठेवायचा, ही आमची रीतच आहे. नव्या माणसाला गिरणीवर ठेवलं तरी हेच पहिलं शिकवतात. एका कानात पावलं, गोळ्या आणि तीन पोरी एवढं सगळं मावत नव्हतं. कोणीतरी कमी करायचं होतं. मी पोरी कमी केल्या.

मुलीचा आवाज तरीही यायचा, माझ्या ओळखीचा होता म्हणून. मंचेरियलच्या पोरीचा तर कोणालाच थांबवता आला नसता. तिसरीचा गेला. तो गेला हे माझ्या लक्षातही आलं नाही. ती तशीही फार बोलत नव्हती, असं मी धरून चालले होते.

दार मात्र मला चांगलं सांभाळता येऊ लागलं. "वा, आई!" असं एक-दोनदा मिळालं. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीचं नाव निघेनासं झालं.

या खेळात मेलेला माणूस लगेच बाहेर जात नाही. टीममधलं जे कोणी जिवंत असेल त्याचा पडदा त्याला दिसतो, आणि त्याला जे ऐकू जातं तेही सगळं ऐकू येतं. हे मला माहीत नव्हतं. होळीनंतरच्या एका संध्याकाळी तिघी आधी मेल्या, मी एकटी जिन्यावर बसलेली. अचानक बाजूच्या खोलीतून कोणीतरी आलं आणि मला संपवून गेलं.

"आई," मुलगी म्हणाली. "तो डावीकडून येऊन राह्यला होता. किती वेळचा. पत्र्यावरून. तुले ऐकू नाही आलं?"

"मी दुसरीकडं पाहून राह्यली होती."

"पाह्याचं नाही, ऐकू नाही आलं का?"

दुसऱ्या दोघीही ऐकत होत्या. मी म्हटलं, "डाव्या बाजूची वायर गेली वाटते. दोन-तीन दिवसांपासून खर्रखर्र करून राह्यली."

आठवड्याभरात कुरियरनं हेडफोन आले. कानावर पूर्ण बसणारे, चांगले जाड, मुलीनं पाठवलेले. डब्यात तिनं चिठ्ठीही टाकली नव्हती. नवऱ्यानं ते उलटसुलट करून पाहिले. "हे घालून गिरणी चालवशीन तर कान वाचतीन," असं म्हणून तो निघून गेला. मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले.

संध्याकाळी तिनं विचारलं, "आता?"

हेडफोन चांगले आहेत म्हणावं तर खेळात परत तेच झालं असतं. "आता थोडं बरं आहे. पण डावीकडून अजून कमीच येऊन राह्यलं."

"मंग सेटिंगचं आहे."

"सेटिंगचंच असंन."

तिनं तो पूर्ण तास माझ्या सेटिंगवर घालवला. बाकीच्या दोघी वाट बघत बसल्या. मोबाइलच्या आत कुठंतरी डावं-उजवं कमी-जास्त करायची पट्टी असते, ती मधोमध आहे का पाह्य. आहे. थोडी डावीकडे सरकव. सरकवली. फरक पडला? थोडा. हेडफोन उलटे नाही ना घातले? नाही. तारेचं टोक पूर्ण आत गेलं का? गेलं. बारीक आवाज उठवायची एक सेटिंग असते, तिच्यात पावलांची पट्टी वर कर. केली. आता? आता बरंच बरं.

प्रत्येक प्रश्नाला मी खरं वाटेल असं थोडंसं उत्तर देत होते. एकदम "झालं" म्हटलं असतं तर तिला शंका आली असती. धान्य चाळताना असते तशी तिची चिकाटी होती, आणि मी चाळणीखाली हात धरून ते परत वर टाकत होते. मध्येच मंचेरियलची म्हणाली, "आंटी का मोबाइलइच फेंक दो." त्यावर मुलगी तिच्यावर खेकसली, "चुप. मेरी आई दरवाजा संभालती, तेरे से होता क्या?"

ते ऐकल्यावर मी तिला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा तिखटाचा हंगाम होता. मिरच्या दळायच्या दिवसांत आमच्या घरात सगळे नाकाला फडकं बांधून फिरतात. एका दुपारी लाइट गेली, गिरणी थांबली आणि घर एकदम शांत झालं. ती माझा मोबाइल आणि ते हेडफोन घेऊन माझ्यासमोर बसली. आधी स्वतःच्या कानाला लावून पाहिलं.

"दोन्हीकडून चांगलं येऊन राह्यलं," ती म्हणाली. मग ते माझ्या कानांवर बसवले. "डोळे मीट. ज्या बाजूनं आवाज येईन तो हात वर कर."

"काय पोरखेळ लावला? मिरच्या पडून आहेत तशाच."

"लाइट आल्यावर मिरच्या. मीट डोळे."

मी डोळे मिटले. उजवीकडे पावलं वाजली, उजवा हात वर केला. परत उजवीकडे, परत उजवा. मग काहीच नाही. मी मनात अंदाज धरला, आता डावीकडे असणार, आणि डावा हात वर केला.

तिनं हेडफोन काढून घेतले.

"आई, मी आता काहीच वाजवलं नव्हतं."

माझा हात वरच होता. तो खाली घ्यायला मला वेळ लागला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तुझ्या बारावीच्या वेळेपासून. त्याच्या आधीही थोडं असंन."

"आणि मी नर्सिंग शिकून राह्यली."

"तुझा काय संबंध त्याच्यात?"

"काऊन नाही सांगतलं?"

मी बहिरी म्हणून नाव पडायचं, गिऱ्हाइकाचं, पुढच्या चौकातल्या गिरणीचं सांगितलं. ती ऐकत होती आणि माझ्या मोबाइलवर काहीतरी करत होती. रागावली की तिला हाताला काम लागतं, हे माझंच आहे. तिनं मोबाइलच्या सेटिंगमध्ये एक बटण शोधून काढलं. त्यानं दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखाच येतो. "आता डावं-उजवं समजणार नाही, पण सुटणार तरी काही नाही," ती म्हणाली. इतकं सोपं होतं. एका बटणाचं. ते तिला पहिल्याच आठवड्यात करता आलं असतं, मी खरं बोलले असते तर.

मग तिनं खेळ उघडला आणि थांबली.

"हे कोणी केलं?"

माणसांच्या आवाजाची पट्टी तळाशी होती.

"मीच केलं. पावलं ऐकू यावी म्हणून."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून असंन."

तिनं त्या पट्टीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तू तिले कधी उचललंच नाही, आई."

या खेळात गोळी लागली की माणूस आधी खाली पडतो, मरत नाही. सोबतचं कोणी थोड्या वेळात पोचलं आणि त्यानं उचललं तर तो वाचतो. पडलेला माणूस हाका मारतो. उटनूरकडची पोरगी नेहमी माझ्याच घरात, मागच्या खिडकीवर असायची. तिची जागाच ती होती, माझ्या पाठीमागे. ती पडायची, मला हाका मारायची, आणि मी तिच्याकडे पाठ करून दाराकडे बघत बसायची. ती मरेपर्यंत.

"तिनं मले होळीलेच सांगतलं होतं," मुलगी म्हणाली. "म्हणे, तुझ्या आईले मी चालत नाही वाटते. मी म्हणलं, माही आई तशी नाही. मंग मी तुले पाहून राह्यली, दोन-तीनदा. ती बोलावून राह्यली आणि तू हालून नाही राह्यली. मंग मलेही वाटलं, असंन."

"तुले वाटलं?"

"गिरणीवर गुड्यावरच्या गोंड बाया येतात, तर त्याइचं दळण तू शेवटी नाही टाकत का?"

"त्याइची मक्का असते. मक्क्यासाठी दगड ढिला करा लागते. मधात टाकली तर मागच्यांचं पीठ जाडं येते."

"हो. पण त्याइले कधी सांगतलं का तू, हे दगडाचं?"

नव्हतं सांगितलं. त्या बाया ओट्याच्या कडेला बसून असतात, उन्ह सरकलं की त्याही सरकतात, आणि मी त्यांना कधी एका शब्दानं काही सांगितलेलं नाही. कारण खरं आहे, मक्क्याला दगड ढिला करावाच लागतो. पण ते कारण माझ्याजवळच राहिलं. त्यांनी काय धरून चालावं, ते मी त्यांच्यावर सोडून दिलं. स्वतःच्या पोरीनं ते माझ्याबद्दल धरलं होतं, आणि तिला तसं वाटणं मला खोटं ठरवता येईना.

"तिसऱ्या मजल्यावरचीले मी हो म्हणून टाकलं होतं," मुलगी म्हणाली. "सुट्टी झाल्यावर तुले सांगणार होती."

"बरोबरच होतं तुझं."

"बरोबर-बिरोबर नको सांगू. आज त्या दोघी येतीन खेळाले. तू सांग त्याइले."

"तूच सांग ना."

"माहा कान आहे का?"

लाइट आली. मी मिरच्या दळल्या. काही गिऱ्हाइकं बोलली, मी खुणांनी उत्तरं दिली.

संध्याकाळी ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली, तिचा मोबाइल तिच्या हातात, माझा माझ्या हातात. दोघी मैत्रिणी आपापल्या घरून आल्या. मी माणसांची पट्टी वर नेली, पूर्ण वर. मग माइक चालू केला आणि सांगितलं. आधी मराठीत, मग हिंदीत. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, काही वर्षं झाली. वायर कधी गेली नव्हती, सेटिंगही बिघडलं नव्हतं. आणि पावलं ऐकायची म्हणून मी तुमचा सगळ्यांचा आवाज कमी करून ठेवला होता.

"अय्यो आंटी!" मंचेरियलची ओरडली. आता पूर्ण आवाजात, त्यामुळे मी दचकलेच. "मतलब मैं इतने दिन से जो चिल्लारी, वो आधाच सुने आप?"

"आधाही बहुत था," मी म्हटलं.

ती हसली. दुसरी हसली नाही. माइक चालू असल्याचं चिन्ह तिच्या नावापुढे दिसत होतं, पण आवाज येत नव्हता. मला वाटलं परत पट्टी खाली गेली की काय.

"मला वाटलं होतं..." ती म्हणाली आणि थांबली.

"बोल," मी म्हटलं. "येतंय आता ऐकू."

"तुम्ही मुद्दाम येत नाही, असं."

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम नव्हतं, हे खरं होतं. पण मुलीचा आवाज जाऊ लागला असता तर मी पट्टी लगेच वर ओढली असती, हेही खरं होतं.

"सगळ्यांचाच कमी केला होता मी," मी म्हटलं. "पण गेला तुझाच, आणि मी पाहिलं नाही. चुकलं माझं."

"बरं," ती म्हणाली.

माझ्या मुलीनं विचारलं, "मंग? आज कसं करायचं? दारावर कोण?"

माझी जागा जाणार होती, ती मागायचं तोंड माझ्याजवळ नव्हतं.

"दार मी पाहते," उटनूरची पोरगी म्हणाली. "आंटीला मधात बसवा. मधात असल्या की कोणाकडेही जाता येते."

तसं केलं. मधात बसणाऱ्याला काम फारसं नसतं. मी बसून ऐकत होते. ती हळू बोलत होती हे खरं, पण ती कमी बोलत नव्हती. ती सारखी बोलत होती. गवतात एक आहे. दोन झाले. वर पत्र्यावर चढतोय. मंचेरियलचीला हिंदीत, तू नीचे झुक. आंटी, डावीकडची खिडकी उघडी आहे, तिकडं पाठ नका करू. सगळं न ओरडता, ज्वारीच्या पेंढ्या नीट रचत जाव्यात तसं एकावर एक. हे ती आजच बोलत नव्हती. हे ती फेब्रुवारीपासून माझ्या पाठीमागे बसून बोलत आली असणार, माझ्या डाव्या बाजूचं सगळं मला सांगत.

मग तिला गोळी लागली. "आंटी, पडले," ती म्हणाली, त्याच आवाजात. मी लगेच निघाले. आवाज दोन्हीकडून सारखाच येत होता, ती कुठे आहे ते कळेना. मी उजव्या खोलीत शिरले.

"तिकडं नाही, आंटी. मागं फिरा. जिन्याच्या बाजूनं."

मी मागे फिरले, दाराच्या चौकटीला अडकले, परत सुटले. मुलगी शेजारून म्हणाली, "आई, पळ ना," आणि मी पळत होते, जेवढं पळता येतं तेवढं. जिन्यापाशी पोचले तेव्हा वेळ संपली होती. तिथं फक्त तिची बंदूक पडलेली.

"नाही पोचले गं," मी म्हटलं.

"चालते, आंटी," ती म्हणाली. "आज निघाल्या तरी. उद्या थोडं लवकर निघा."